कराची ते मुंबई : हवाई अंतर किती, वेळ किती?

विद्यार्थी मित्रांनो, नकाशासंग्रह उघडा आणि पट्टी हाती घ्या. मुंबईच्या विमानतळापासून कोणते शहर जवळ, दिल्ली की कराची? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात दिल्लीच्या बाजूने वर होतात. पट्टी मात्र निराळे सांगते. सरळ रेषेत मोजले तर मुंबईहून दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर आहे आणि कराची सुमारे ८७५. बंगलोर ८३५ च्या आसपास भरते. म्हणजे कराची हे शहर आपल्याला दिल्लीपेक्षा अडीचशेहून अधिक किलोमीटरने जवळ आणि बंगलोरपेक्षा जेमतेम चाळीस किलोमीटर लांब आहे. बंगलोरला आपला माणूस सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला परत येऊ शकतो. कराचीला जायचे म्हटले तर मात्र घरातले सगळे हातातले काम टाकून त्याच्याकडे पाहू लागतात!

विमानप्रवासाच्या इतिहासात या दोन शहरांची जोडी फार महत्त्वाची आहे. भारतीय विमानवाहतुकीचा पहिला नियमित टपालमार्ग यांच्यामधूनच सुरू झाला. आणि आपण ज्या उल्हासनगरात राहतो, त्या गावाच्या जन्माची कथाही याच ८७५ किलोमीटरांत आहे. म्हणून पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा विषय मिळून वाचावा, अशी विनंती आहे. आजी-आजोबा जवळ असतील तर त्यांनाही वाचून दाखवा. या लेखात नाही अशी पुष्कळ माहिती त्यांच्याकडे निघेल.

प्रथम अंतर कसे काढतात ते पाहू, कारण ते शाळेतल्या गणितानेच निघते. पृथ्वीच्या पाठीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे जाताना आक्रसत जातो. आपल्या भागात, बावीस अक्षांशाच्या सुमारास, तो १०३ किलोमीटर भरतो. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ उत्तर अक्षांश आणि ७२.९ पूर्व रेखांशावर आहे, कराचीचा सुमारे २४.९ आणि ६७.२ वर. अक्षांशातील फरक ५.८ अंश, म्हणजे उत्तरेकडे सुमारे ६४५ किलोमीटर. रेखांशातील फरक ५.७ अंश, म्हणजे पश्चिमेकडे सुमारे ५८७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. उत्तर ८७२ च्या जवळपास येईल. लांबच्या शहरांसाठी, उदाहरणार्थ मुंबई ते लंडन, हा त्रिकोण चालत नाही. तिथे पृथ्वीची गोलाई हिशेबात धरावी लागते. एवढ्या टप्प्यासाठी मात्र नववीचे पायथागोरस पुरेसे आहे.

अंतर असे एकदा काढले की संपले. ते बदलत नाही. बदलत राहिला तो वेळ. नव्वद-पंच्याण्णव वर्षांत या एकाच अंतराला किती वेगवेगळा वेळ लागला, हाच पुढच्या सगळ्या हकिकतीचा विषय आहे.

विमानापूर्वी ही दोन शहरे एकमेकांना अगदी परिचित होती. इ.स. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. त्यानंतर १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराचीचा कारभार मुंबईहून चालत असे. कराचीच्या महाविद्यालयांतील मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. कराचीत १८५५ साली सुरू झालेली एक जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या नावाने ओळखली जाते. वैद्य हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील अधिकारी. सिंधमध्ये शाळा उघडण्याच्या कामात त्यांनी मोठी मेहनत घेतली. देश बदलला, राज्य बदलले, तरी त्या शाळेवरचे नाव टिकून आहे. शिक्षकी पेशातल्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे.

या काळात मुंबईहून कराचीला जाण्याचे दोन मार्ग होते. एक समुद्राचा. सुमारे पाचशे सागरी मैलांचे ते अंतर ताशी बारा सागरी मैल चालणारी बोट बेचाळीस तासांत कापते. बंदरावरचा वेळ धरून दोन दिवस समजा. दुसरा मार्ग आगगाडीचा, पण मध्ये कच्छचे रण आडवे पडलेले. म्हणून गाडी अहमदाबाद, मारवाड, लुणी, बाडमेर, मुनाबाव, खोखरापार अशी राजस्थानातून मोठा वळसा घेऊन सिंधच्या हैदराबादेस पोहोचत असे. त्यातही अहमदाबादला मोठ्या रुळांची गाडी सोडून लहान रुळांच्या गाडीत बसायचे आणि हैदराबादेत पुन्हा मोठ्या रुळांवर यायचे. सामानसुमान आणि मुलेबाळे घेऊन हे करणे किती त्रासाचे असेल, याची कल्पना कल्याण स्टेशनात गाडी बदलणाऱ्यांनी करावी!

विमानाच्या बाबतीत कराची मुंबईच्या पुढे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपातून येणारे विमान इराणच्या आखाताच्या कडेने आले की हिंदुस्थानातले पहिले मोठे शहर लागते ते कराची. पावसाळाही तिथे नावापुरताच. इंग्रज सरकारने हे ओळखून कराचीजवळ ड्रिग रोड येथे विमानतळ उभारला. शिवाय ‘आर १०१’ नावाच्या प्रचंड वायुनौकेसाठी तिथे एक अवाढव्य छपरी बांधली. कराचीचे लोक तिला काळी छपरी म्हणत. ती वायुनौका कराचीला पोहोचलीच नाही. ५ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्याच लांबच्या प्रवासात ती फ्रान्समध्ये कोसळून जळाली आणि ५४ पैकी ४८ माणसे दगावली. छपरी मात्र पुढे कित्येक वर्षे रिकामी उभी होती.

त्याआधी ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजचे टपाल आणि प्रवासी घेऊन लंडनहून कराचीकडे पहिली फेरी निघाली. ‘विमानसेवा’ हे नाव असले तरी सगळा प्रवास विमानाने होत नसे. लंडन ते स्वित्झर्लंडमधील बाझल विमानाने, तिथून इटलीतील जिनोआपर्यंत आगगाडीने, पुढे भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने इजिप्तपर्यंत आणि शेवटी इराकमार्गे पुन्हा जमिनीवरच्या विमानाने कराची. असा हा सात दिवसांचा प्रवास होता. बोटीने येणाऱ्या टपालाला दोन आठवडे आणि वर काही दिवस लागत, त्या मानाने सात दिवस म्हणजे चमत्कारच. पण टपाल कराचीला उतरले की पुढे मुंबई-मद्रासकडे ते आगगाडीनेच जायचे. आकाशात वाचवलेला वेळ जमिनीवर खर्च होत होता.

याच सुमारास आगा खान तिसरे, सर सुलतान महंमद शाह, यांनी एक बक्षीस जाहीर केले. त्यांचा स्वतःचा जन्म कराचीचा, १८७७ सालचा. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास ठरलेल्या मुदतीत एकट्याने विमान चालवून जो हिंदी तरुण प्रथम पुरा करील, त्याला हे बक्षीस मिळायचे होते. १९३० साली तिघे उतरले. मनमोहन सिंग, जहांगीर रतनजी दादाभाई टाटा म्हणजे जे. आर. डी., आणि अस्पी इंजिनिअर. जे. आर. डी. कराचीहून लंडनकडे निघाले, तर अस्पी उलट दिशेने कराचीकडे येत होते. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगसाठी अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. शर्यत अस्पी इंजिनिअर यांनी जिंकली, टाटा थोडक्यात मागे पडले. अस्पींचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. पुढे १९६० मध्ये ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. दहावी-बारावीच्या मुलांनी हे वय लक्षात ठेवावे.

आता १५ ऑक्टोबर १९३२ या दिवसाकडे येऊ. नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्रज वैमानिकाने टाटांपुढे योजना मांडली होती की, कराचीस उतरणारे विलायती टपाल आपण विमानाने मुंबई व मद्रासला नेऊ. सरकारशी करार झाला. त्या दिवशी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा यांनी ड्रिग रोडच्या विमानतळावरून पुस मॉथ जातीचे विमान वर नेले. एका इंजिनाचे हे लहानसे विमान, वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. सोबत प्रवासी नाही, फक्त पंचवीस किलो टपाल. वाटेत मार्ग दाखवणारे रेडिओयंत्र नाही. खाली पाहायचे, नकाशा पाहायचा, होकायंत्र पाहायचे आणि जायचे.

सरळ कराची-मुंबई जाणे त्या विमानाला परवडणारे नव्हते. पेट्रोल भरण्यासाठी मध्ये उतरावे लागे, म्हणून मार्ग अहमदाबादवरून आखला होता. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४५, म्हणजे ८७५ ऐवजी एकूण १०३५ किलोमीटर. अहमदाबादच्या मैदानात पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात. विमानात पेट्रोल भरायला बैलगाडी! पुढे तिथून निघालेले विमान दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मैदानात उतरले. विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. सव्वासात तास, १०३५ किलोमीटर, म्हणजे मधला मुक्काम धरून सरासरी ताशी १४३ किलोमीटर. जुहूला व्हिन्सेंट तयार होते. त्यांनी पुढचे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रास गाठले. बोटीचे दोन दिवस एका सकाळीत बसले.

जुहूचे मैदान तेव्हा म्हणजे समुद्रकाठची सपाट माती. पावसाळ्यात तिथे पाणी आणि चिखल होत असल्याने विमाने पुण्याला येरवड्याच्या बाजूला हलवावी लागत. पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे दहा टन टपाल वाहिले आणि अवघे १५५ प्रवासी नेले. आज एका मध्यम विमानात याहून अधिक माणसे बसतात. पण याच टपालगाडीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धाने विमानवाहतुकीचा चेहरा पालटला. युद्धासाठी बनलेली डाकोटा विमाने नंतर प्रवाशांसाठी वापरात आली. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या डाकोटाला हे अंतर तीन-सव्वातीन तासांचे. याच युद्धाने आपल्या भागाचाही नकाशा बदलला. कल्याणजवळच्या माळावर सैन्यासाठी मोठी छावणी उठली, बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. आपण आज कॅम्प १, कॅम्प २ असे जे क्रमांक सहज उच्चारतो, ते त्याच छावणीचे अवशेष आहेत. नेवाळीकडे, कॅम्प ५ च्या पुढे, शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन एक धावपट्टीही करण्यात आली. त्या जमिनींचा प्रश्न इतका लांबला की जून २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. धावपट्टीच्या निमित्ताने गेलेली जमीन, आणि वर एकही प्रवासी विमान नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

१९४७ साली फाळणी झाली. सिंधमध्ये सुरुवातीला तुलनेने शांतता होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचे निघणे एकदम वाढले. ज्यांची ऐपत होती ते विमानाने आले, पण बहुसंख्य लोक बोटींनी आणि आगगाडीने आले. एकूण दहा-बारा लाख माणसे सिंध सोडून भारतात आली. त्यांतल्या हजारो कुटुंबांना कल्याण छावणीच्या रिकाम्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचा पाया घातला गेला आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले. नेहरू चौकातून गजानन मार्केटकडे जाताना आपल्याला जी दुकाने दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या मालकांचे आजोबा कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारखाना या गावांतून नुसत्या बोचक्यानिशी आलेले आहेत.

दुसऱ्या दिशेनेही माणसे गेली, हे आपल्या घरांत सांगायची गरज नाही. मुंबईतून, कोकणातून, कल्याण-भिवंडीकडून मुसलमान कुटुंबे कराचीला गेली. कुणी नोकरीसाठी, कुणी व्यापारासाठी, कुणी भीतीने, कुणी भावाच्या मागे. कुणाची फुफी तिकडे, कुणाचे चाचा तिकडे, कुणाची खाला लग्न करून गेली ती तिकडचीच झाली. अंतर ८७५ किलोमीटर तेवढेच. पण जुलै १९४८ पासून भारत आणि पश्चिम पाकिस्तान यांच्यामध्ये येण्याजाण्यास परवाना लागू लागला आणि पुढे पासपोर्ट व व्हिसाची पद्धत आली. ती कोणत्या तारखेपासून? १५ ऑक्टोबर १९५२ पासून! टाटांच्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षे पुरी झाली होती. योगायोगच, पण इतिहास शिकवणाऱ्याला असा योगायोग सोडवत नाही.

परवाना आणि व्हिसा असूनही पन्नासच्या दशकात विमाने चालू होती, बोटी चालू होत्या, खोखरापारची गाडीही चालू होती. यंत्रे वेगवान होत गेली. १९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट विमाने आली. त्यांच्या वेगाने हे अंतर दोन तासांच्या आत येते. पुढे जेट विमानांनी ते दीड तासावर आणले. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने जाते, मग सव्वा तासात का पोहोचत नाही, असे मुले विचारतात. कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि उतरण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सगळे वेळापत्रकात धरलेले असते. लहान टप्प्यात हा वरखर्च जास्त जाणवतो.

वेळापत्रकात आणखी एक गंमत असे. १९५१ मध्ये पाकिस्तानने आपले घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे केले. त्यामुळे मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान दीड तासाने कराचीला उतरले की तिथे ११ वाजलेले असत, म्हणजे कागदावर एकच तास. परतताना १० ला निघालेले विमान मुंबईत १२ ला उतरे, म्हणजे कागदावर दोन तास. प्रवास तेवढाच. जाताना घड्याळ देत असे, येताना काढून घेत असे.

सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध झाले आणि सगळे एकदम थांबले. विमाने बंद, खोखरापारची गाडी बंद. ताश्कंद करारानंतर १९६६ मध्ये एकमेकांच्या आकाशातून विमाने नेण्यास पुन्हा परवानगी मिळाली, पण गाडी सुरू व्हायला चाळीस वर्षे लागली.

१९७१ चे प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण हवाई अंतर आणि हवाई वेळ यांतला फरक त्याच्याइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे विमान श्रीनगर-जम्मू मार्गावर पळवून लाहोरला नेण्यात आले आणि २ फेब्रुवारीला तिथे जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना जाण्यास बंदी केली. त्या वेळी पाकिस्तान दोन तुकड्यांचे होते. पश्चिमेला कराची, पूर्वेला ढाका आणि मध्ये सगळा भारत. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २३५० किलोमीटर. बंदीनंतर विमानांना अरबी समुद्रावरून खाली श्रीलंकेला जावे लागे आणि तिथून बंगालच्या उपसागरावरून वर ढाक्याला. कराची ते कोलंबो सुमारे २४०० आणि कोलंबो ते ढाका सुमारे २१५०, म्हणजे एकूण साडेचार हजारांहून अधिक. एका देशाच्या दोन भागांमधले अंतर एका आदेशाने जवळजवळ दुप्पट झाले. सैन्य, सामान, अधिकारी, सगळ्यांना हाच वळसा. त्या वर्षअखेर बांगलादेश वेगळा झाला. त्याचे मूळ कारण वेगळे आणि फार खोल होते, परंतु त्या वळशाने पाकिस्तानी लष्कराची अडचण वाढवली हे खरे. हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाचा निर्णय १८ ऑगस्ट १९७२ रोजी आला, तेव्हा ज्या मार्गासाठी भांडण होते त्याच्या दुसऱ्या टोकाला दुसराच देश उभा होता.

सिमला करारानंतर बोलणी होत होत १९७६ मध्ये विमानमार्ग पुन्हा उघडले. मुंबई-कराची विमान पुन्हा दीड तासाचे झाले. त्या काळात ‘द्वारका’ नावाची बोटही मुंबईहून कराचीमार्गे आखातातील बंदरांना जात असे. १९८२ मध्ये ती निवृत्त झाली.

त्याच १९८२ सालच्या १५ ऑक्टोबरला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा पुन्हा कराचीला गेले. तिथून लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या लहान विमानात एकटे बसून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पन्नास वर्षांत अंतर बदलले नव्हते आणि विमानाचा वेगही, त्यांनी मुद्दाम जुनेच यंत्र निवडल्यामुळे, फारसा वेगळा नव्हता. बदलले होते ते एवढेच की १९३२ मध्ये ते एका इलाख्याच्या एका शहरातून दुसऱ्या शहरात आले होते आणि १९८२ मध्ये परदेशातून.

यानंतरचा इतिहास उघडझाप करणाऱ्या दरवाजाचा आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्ही आकाशे परस्परांना बंद झाली, ती जानेवारी २००४ मध्ये उघडली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी मुनाबाव-खोखरापार मार्गावर थार एक्सप्रेस सुरू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली. मुंबई-कराची थेट विमान त्याआधीच बंद पडले होते. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत. त्यात दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमाने वळशाने जाऊ लागली. दिल्ली-इस्तंबूल हे थेट विमान इंधनासाठी दोह्याला उतरू लागले. एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे संसदेत सांगण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पुन्हा तेच झाले. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना बंदी केली आणि त्या बंदीला महिन्यामागून महिना मुदतवाढ मिळत गेली.

कोणाचे चुकले, कोणाचे किती चुकले, हे ठरवणे हा या लेखाचा उद्देश नाही. निरपराध माणसे मारली गेली की सरकारला काहीतरी करावे लागते, हे कोणीही समजेल. पण आकाश बंद होते तेव्हा त्याची किंमत कोण देतो, हे मुलांनी पाहायला हवे. मोठी कंपनी तोटा पुढच्या वर्षी भरून काढते. बहिणीच्या मयतीला न पोहोचलेल्या भावाला तो दिवस परत मिळत नाही. अशी घरे कॅम्प २ मध्ये दोन्ही बाजूंना आहेत. आपल्यात ज्यांचे नातलग तिकडे आहेत ती, आणि आपल्या सिंधी शेजाऱ्यांत ज्यांच्या वडिलांनी कराचीतल्या आपल्या गल्लीचे वर्णन करत डोळे मिटले तीही. आपण ज्याला कराची हलवा म्हणतो त्याला कित्येक ठिकाणी बॉम्बे हलवा म्हणतात. सिंधच्या हैदराबादेत बॉम्बे बेकरी आहे आणि दख्खनच्या हैदराबादेत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबाने १९५३ मध्ये काढलेली, कराची बेकरी आहे. पाट्यांनी तरी एकमेकांची आठवण ठेवली आहे.

आता शेवटचा हिशेब. थेट विमान नसताना मुंबईहून कराचीला जायचे, आणि कागदपत्रे मिळाली असे धरले, तर नेहमीचा मार्ग दुबईवरून. मुंबई ते दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई ते कराची सुमारे ११९० किलोमीटर, एकूण ३१२० किलोमीटर. सरळ अंतराच्या साडेतीन पटीहून अधिक. मुंबई ते जिद्दा सरळ अंतर सुमारे ३५०० किलोमीटर आहे. हाजी मंडळी बोटीने जात तेव्हा ज्या प्रवासाला आठवडा लागे, आणि ज्याच्यासाठी घरचे लोक बंदरावर रडत निरोप देत, त्याच्या जवळजवळ इतके हे अंतर झाले. पहिल्या टप्प्याला सुमारे तीन तास, दुसऱ्याला सुमारे दोन, आणि मध्ये दुबईला पुढच्या विमानाची वाट पाहण्यात तीन तास गेले असे धरा. एकूण आठ तास. १९३२ साली एका इंजिनाच्या विमानाने, बैलगाडीतले पेट्रोल भरून घेत, हाच प्रवास सव्वासात तासांत पुरा केला होता.

या मार्गाने कोणी जाणार असेल तर घड्याळाचेही लक्षात ठेवावे. दुबईला उतरल्यावर काटे दीड तास मागे घ्यायचे आणि कराचीला उतरल्यावर एक तास पुढे करायचे. म्हणजे शेवटी फरक अर्ध्या तासाचाच उरतो.